एकाला सेन्सिटिव्ह

ताई ज्या दुकानात कामाला होती तिथे क्रीम, साबण, शाम्पू, पावडरी असलं सगळं मिळायचं. एकोणीस वर्षं ती त्याच काउंटरमागे उभी होती. गिऱ्हाईक आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "स्किन सेन्सिटिव्ह आहे का?" समोरचा हो म्हणाला की ती झटपट गुण देणारी उग्र ट्यूब बाजूला सारायची आणि खालच्या कप्प्यातली साधी, बिनवासाची काढायची. "ती दुसरी तुम्हाला नको. सेन्सिटिव्ह माणसाला भाजून काढते." लोक ऐकायचे, कारण ताईचं सांगणं सहसा चुकत नसे. गालावरची लाली बघून ती सांगायची, ही उन्हाची, ही साबणाची, आणि ही डॉक्टरला दाखवायची.

घरात इंग्रजी म्हणजे ताईच. बँकेचं पत्र आलं, फॉर्म भरायचा असला, औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद निघाला, की तो तिच्याकडे जायचा. तिचा भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या ताईला विचारा. ती डिक्शनरी पाण्यात कालवून प्यालीय."

या भावाचं घरातलं नाव बारक्या. लहानपणी काडीसारखा होता तेव्हा पडलेलं ते नाव नव्वद किलो झाल्यावरही सुटलं नाही. ताईहून तो बारा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि वडील त्याआधीच गेलेले. त्याची शाळा, त्याचे आजार, त्याचं लग्न, सगळं ताईनेच पाहिलं. तिचं स्वतःचं लग्न त्यात राहून गेलं, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं की ती म्हणायची, "अहो, एक पोरगं वाढवलं तेवढं पुरे झालं."

बारक्या काचवाला होता. खिडक्या, आरसे, दुकानांची दर्शनी काच. शिडीवर चढून चार माणसांची काच दोघांत बसवायचा. त्याच्या बायकोला सगळे चिमणी म्हणत, कारण तिची टकळी सकाळी सुरू झाली की दिवा मालवेपर्यंत थांबत नसे. दोघं त्याच्या कामाच्या शेडच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. ताई पलीकडच्या गल्लीत.

झालं ते असं. एका सोमवारी काचा टेकवायच्या स्टँडवरून मोठी काच घसरली आणि तिची धार बारक्याच्या उजव्या पावलावर बसली. पायात बूट नव्हते, चपला होत्या. जवळच्या छोट्या दवाखान्यात सात टाके घातले. बुधवारी ताप चढला. पाऊल सुजून पोळीसारखं... नव्हे, पोळी कसली, उशीसारखं झालं, आणि पट्टी सोडली तेव्हा असा वास आला की चिमणी तोंडाला पदर लावून बाहेर गेली. डॉक्टरांनी जखमेतला पू तपासायला पाठवला. कुठले जंतू आहेत आणि ते कुठल्या औषधाने मरतात, हे त्या तपासणीत कळतं, दोनएक दिवस लागतात, असं ते म्हणाले. पण हे ते चिमणीला म्हणाले. ताई तेव्हा दुकानात होती. चिमणीने तिला फोनवर एवढंच सांगितलं, "ताई, कसलीतरी टेस्ट पाठवलीय, शुक्रवारी कळेल."

शुक्रवारी दुपारी बारक्याची शुद्ध जायला लागली. रक्तदाब खाली आला. डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे याची सोय नाही, मोठ्या हॉस्पिटलात हलवा." अॅम्ब्युलन्स आली. स्ट्रेचर आत सरकवत होते, चिमणी रडत त्याचा हात धरून चालली होती, आणि ताईच्या हातात चपला, चादर, फाइल, पाण्याची बाटली असा सगळा पसारा. तेवढ्यात फोन वाजला. लॅबमधला माणूस होता.

"रिपोर्ट तयार आहे. येताय न्यायला?"

"अहो, आम्ही इथून हलवतोय त्याला. तुम्ही फोनवरच सांगा ना, काय आलंय."

"बाकी सगळ्यांना रेझिस्टंट आहे," तो म्हणाला. "फक्त एकाला सेन्सिटिव्ह आहे."

"कुठल्या?"

त्याने औषधाचं नाव सांगितलं. लांबलचक नाव. ताईने फाइलच्या पाठीवर पेन टेकवून ते लिहून घेतलं, एकेक अक्षर परत म्हणून दाखवलं, आणि मधलं एक अक्षर चुकलेलं त्याच्याकडून दुरुस्त करून घेतलं. "कागद उद्या घेऊन जाईन," म्हणाली, आणि अॅम्ब्युलन्समध्ये चढली.

वाटेत सायरनच्या आवाजात तिने चिमणीला समजावून सांगितलं. "घाबरू नकोस. टेस्ट चांगली आलीय. बाकीची सगळी औषधं त्याचं शरीर सोसतंय, रेझिस्टंट आहे. एकच औषध चालत नाही. तेवढं सांभाळायचं."

लॅबवाला कोण सेन्सिटिव्ह ते बोलला नव्हता. आपल्या बोलण्यात कोण ते सांगावं लागत नाही, ऐकणारा समजून घेतो. आणि ताईच्या मनात त्या वेळी एकच जण होता.

मोठ्या हॉस्पिटलात धांदल होती. दारातच एका सिस्टरने कागद लावलेली फळी हातात घेऊन भराभर प्रश्न विचारले. वय, साखर, दमा, मागची ऑपरेशनं.

"कुठलं औषध चालत नाही, असं काही?"

"हो, हो!" ताई म्हणाली. बरं झालं आपण लिहून घेतलं, असं तिला वाटलं. तिने फाइलची पाठ पुढे केली. "हे. याला तो सेन्सिटिव्ह आहे."

"टेस्टमध्ये आलं का?"

"टेस्टमध्येच आलंय. आत्ताच फोन आला होता."

औषध देण्याआधी कातडीखाली थेंबभर टोचून बघतात, त्याला हॉस्पिटलात टेस्ट म्हणतात. सिस्टरला ती टेस्ट वाटली. तिने केसपेपरवर लाल पेनने ते नाव लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या, आणि बारक्याच्या मनगटावर लाल पट्टा बांधला. "छान केलंत सांगितलंत," ती म्हणाली. "लोक विसरतात, आणि मग आमच्या गळ्याशी येतं."

ते शब्द ताईला पुढे जन्मभर आठवणार होते. त्या क्षणी तिला फक्त बरं वाटलं.

त्यानंतरचे चार दिवस बारक्या अतिदक्षता विभागात काचेच्या दारामागे होता. एक औषध सुरू झालं, ते बदललं, दुसरं आलं, मग दोन एकत्र. ताप उतरेना. पावलाची बोटं आधी जांभळी झाली, मग करंगळी काळी पडली. तो मधेच डोळे उघडून "शिडी धर, शिडी धर" म्हणायचा आणि परत बुडायचा. चिमणीची टकळी बंद पडली. ती बाकावर बसून पदराचं टोक पिळायची, सोडायची, परत पिळायची.

शनिवारी शिकाऊ डॉक्टर विचारायला आला, "आधीच्या कल्चरचा रिपोर्ट मिळाला का?"

"त्यात काय आलंय ते मी सिस्टरना सांगितलंय," ताई म्हणाली. "लिहिलंय त्यांनी."

त्याने मान हलवली आणि गेला. हॉस्पिटलच्याच लॅबमध्ये पुवाची नवीन तपासणी पाठवलेली होती. तिचं उत्तर सोमवारी येणार होतं. जुना कागद आणायला ताई जाणार होती, पण लॅब शहराच्या दुसऱ्या टोकाला. एवढ्या वेळात इकडे काही झालं तर? ती उठायची, जिन्यापर्यंत जायची, परत फिरायची. शेवटी चिमणीला म्हणाली, "जाऊ दे. कागदाचं काय एवढं, मजकूर तर सांगितलाय ना."

सोमवारी साडेदहाला मोठ्या डॉक्टरबाईंनी दोघींना एका लहान खोलीत बोलावलं. चार खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर सांगाड्याचं चित्र. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, कापलेले केस, बोलणं हळू. त्या खुर्ची ओढून अगदी समोर बसल्या, तेव्हाच ताईला कळलं. बातमी चांगली असती तर त्यांनी ती उभ्यानेच सांगितली असती.

"विष रक्तात पसरतंय," त्या म्हणाल्या. "आज पाय काढला नाही तर माणूस जाईल. गुडघ्याच्या खालून."

चिमणी म्हणाली, "औषध नाही का दुसरं? एवढी औषधं निघालीत जगात."

"आम्ही त्या जंतूंवर बारा औषधं लावून पाहिली. अकरांना ते दाद देत नाहीत, रेझिस्टंट आहेत. फक्त एकाला सेन्सिटिव्ह आहेत, ते दिलं की मरतात. आणि आपलं नशीब बघा, नेमकं तेच औषध तुमच्या मिस्टरांना चालत नाही. दिलं तर श्वासच बंद व्हायचा. एरवी मी रिपोर्टची वाट न बघता शुक्रवारीच सुरू केलं असतं."

"कोण सेन्सिटिव्ह?" ताईने विचारलं.

"जंतू," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि चिमणीपुढे फॉर्म ठेवला. "एक वाजता घेऊ."

ताई खुर्चीत पुढे सरकली. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता बोलावं. तोंड उघडलंही. कदाचित आपण चुकीचं समजतोय. कदाचित लॅबवाला वेगळंच काही सांगत होता. कदाचित त्याला खरंच ते चालत नसेल, आणि आपण बोललो, त्यांनी दिलं, आणि त्याचा श्वास कोंडला तर? एवढं सगळं डोक्यात एकदम गर्दी करून आलं. तेवढ्यात डॉक्टरबाई उठून गेल्यासुद्धा. चिमणीने पेन घेतलं. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरून सही केली. ताई बघत राहिली.

ती जिन्यात गेली आणि लॅबला फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा कुणी उचलला आणि थांबायला सांगितलं. तिसऱ्यांदा तोच माणूस आला.

"शुक्रवारचा तो रिपोर्ट," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं एकाला सेन्सिटिव्ह आहे. कोण सेन्सिटिव्ह? पेशंट का?"

तो हसला. वाईट नव्हतं त्याचं हसणं, सकाळपासून शंभर फोन घेतलेल्या माणसाचं होतं. "पेशंट कसा असेल, बाई? आमच्याकडे पेशंट कुठे येतो? बाटलीतून पू येतो. त्यातले जंतू. त्या औषधाने ते मरतात, म्हणून सेन्सिटिव्ह."

"म्हणजे ते औषध द्यायचं असतं?"

"तेच द्यायचं असतं." मग एकदम त्याचा आवाज बदलला. "दिलं नाही का?"

"कागदाचा फोटो पाठवा. आत्ता. मी फोन ठेवते."

फोटो दोन मिनिटांत आला. चार दिवस जो कागद आणायला तिला जमलं नाही, तो दोन मिनिटांत तिच्या हातात होता. एका रांगेत बारा औषधं, अकरांपुढे एक शब्द, बाराव्यापुढे दुसरा. असे फोटो पाठवता येतात हे तिला माहीत होतं. दुकानात रोज ती गिऱ्हाइकांना ट्यूबचे फोटो पाठवायची. इथे सुचलं नाही.

ती धावली. आतापर्यंत ती कधी कुठे अशी धावली नव्हती. डॉक्टरबाई कॉरिडॉरच्या टोकाला कुणाशी बोलत होत्या.

"माझ्याकडून चूक झाली," ताई म्हणाली. "त्याला ते औषध चालत नाही असं नाहीये. मीच सांगितलं तसं. मला वाटलं तो सेन्सिटिव्ह आहे. लॅबवाल्याने सांगितलं ते जंतूंचं होतं. हे बघा. हे बघा ना."

डॉक्टरबाईंनी फोन घेतला, पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. "म्हणजे याला कधी रिअॅक्शन आलेलीच नाही?"

"नाही."

"नक्की? की पाय वाचवायला म्हणून बोलताय? असं करतात लोक. मी समजू शकते, पण मला खरं हवंय. मी दिलं आणि याचा घसा सुजला, तर पायाचा प्रश्नच उरणार नाही."

"आईची शपथ," ताई म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की शपथेचा इथे काही उपयोग नाही. "छोट्या दवाखान्यात विचारा. त्यांनी हे औषध कधी दिलेलंच नाही. त्याने आयुष्यात कधी हे घेतलेलं नाही. मी वाढवलंय त्याला, मला माहितीय."

डॉक्टरबाईंनी तिथेच उभ्या उभ्या त्या दवाखान्यात फोन लावला. दोन वाक्यं बोलल्या, ऐकून घेतलं, ठेवला. ताईचा फोन तिच्या हातात परत दिला. त्या ओरडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"चार दिवस," त्या एवढंच म्हणाल्या आणि वळल्या. "सिस्टर, टेस्ट डोसची तयारी करा. ऑपरेशन थिएटरला सांगा, एक वाजताचं थांबवा. रद्द नाही, थांबवा."

टेस्ट डोस देणारी सिस्टर तीच होती, शुक्रवारची. तिने पाण्यात खूप पातळ केलेला थेंब बारक्याच्या कोपराखालच्या कातडीत टोचला. मसुराएवढा फुगवटा आला. सिस्टरने त्याभोवती पेनने गोल काढला. "अर्धा तास. हा गोल ओलांडून लाल झालं, गांधी उठल्या, तर नाही द्यायचं." मग ताईकडे न बघता म्हणाली, "मी विचारायला हवं होतं, घेतल्यावर काय झालं होतं म्हणून. पुरळ आलं, की धाप लागली. हे विचारायचंच असतं. त्या दिवशी दारात अजून तीन स्ट्रेचर होती."

ताईला त्यांनी आत राहू दिलं. तिने तो हात आपल्या मांडीवर घेतला. गोलाच्या आतली कातडी गुलाबी होती, सुईची. एकोणीस वर्षं तिने परक्यांची कातडी वाचली होती. कुठली लाली कशाची, हे ती दुरून सांगायची. आता तिला काहीच कळेना. रेघेला लागून एक ठिपका लालसर आहे का? मघाशी होता का? तिने डोळे मिटून उघडले. ठिपका तिथेच. दहा मिनिटं झाली. पंधरा. यंत्रावर बारक्याचा श्वास मोजत होते, ती तो आकडा बघायची, मग हात, मग आकडा. वीस मिनिटांनी तो खोकला, आणि ताई "सिस्टर!" म्हणून अशी ओरडली की पलीकडच्या खाटेवरचे नातेवाईक उभे राहिले. तो नुसता खोकलाच होता.

काचेच्या दारापलीकडे चिमणी उभी होती. तिला कुणीतरी सांगितलं असावं, की ऑपरेशन थांबलंय. का थांबलंय ते सांगितलं नव्हतं. ती ताईकडे आशेने बघत होती. ताईला ती नजर सहन होईना.

अर्ध्या तासाने डॉक्टरबाई आल्या, वाकून बघितलं, अंगठ्याने कातडी ताणली. "काही नाही. सुरू करा." सिस्टरने कात्री घेऊन लाल पट्टा कापला.

मग ताई बाहेर आली आणि चिमणीला सगळं सांगितलं. लॅबच्या फोनपासून. मध्येच रडली नाही, कारण रडलो तर चिमणीलाच आपली समजूत घालावी लागेल, एवढं तिला कळत होतं. चिमणीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी सही करत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"शंका आली होती."

"आणि तुम्ही बघत बसलात."

ताईने मान हलवली.

"तुम्हाला सगळं येतं," चिमणी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. ताईला विचार, ताईला येतं. मला त्या डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं की जंतूंची तपासणी आहे. जंतूंची! मी तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही अॅम्ब्युलन्समध्ये मलाच समजावून सांगत होतात." ती उठली आणि कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसली.

औषधाने काम केलं. मंगळवारी ताप उतरला, बुधवारी रक्तदाब स्वतःच्या बळावर उभा राहिला. पाय वाचला. पण पाऊल सगळं वाचलं नाही. बोटं मेलेलीच होती, आणि त्यांच्यामागचा थोडा भागही. गुरुवारी ते काढावं लागलं. उजव्या पावलाचा पुढचा अर्धा भाग.

ताईने डॉक्टरबाईंना गाठून विचारलं, "शुक्रवारीच दिलं असतं तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "कदाचित बोटं राहिली असती. कदाचित एखादंच गेलं असतं. कदाचित हेच झालं असतं. नाही सांगता येत, आणि उगाच सांगणार नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला जे वाटतं ते तुमच्या उपयोगाचं नाही," त्या म्हणाल्या, पण जाताना ताईच्या खांद्याला हात लावून गेल्या.

बारक्याला पूर्ण शुद्ध आल्यावर तिसऱ्या दिवशी ताईने त्याला सांगितलं. चिमणी म्हणाली होती, "मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा." तो उशीला टेकून बसला होता, गालफडं बसलेली, खरोखरचा बारक्या दिसत होता. पूर्ण ऐकेपर्यंत तो पांघरुणाखालच्या त्या आखूड झालेल्या उंचवट्याकडे बघत होता. मग त्याने तोंड भिंतीकडे केलं.

"बारक्या."

"जा तू आता."

ती गेली. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली, तेव्हा त्याने डबा घेतला, तिच्याशी बोलला नाही. घरी सोडल्यावरही तसंच. ती रोज दारापर्यंत यायची, चिमणी डबा घ्यायची, रिकामा परत द्यायची. ड्रेसिंगचे कागद, गोळ्यांची नावं, पुढच्या तारखा, सगळं आता चिमणी बघायची. एकेका शब्दावर बोट ठेवून ती औषधवाल्याला विचारायची, "याचा अर्थ काय? इथे याचा अर्थ काय?" औषधवाला वैतागायचा. ती हलायची नाही.

दुकानात ताईला तो शब्द उच्चारता येईना. गिऱ्हाईक आलं की ती म्हणायची, "कातडीला काही लावल्यावर आग होते का? लाल होतं का? किती वेळ राहतं?" मालक म्हणाला, "अहो, एका शब्दाचं काम, तुम्ही मुलाखत कसली घेताय?" ती "असू दे" म्हणायची. संध्याकाळी घरी गेली की पलंगावर बसून राहायची. दिवा लावायचंही सुचत नसे. किती वेळा तिने तो फोन मनात परत घेतला, आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला. कोण? दोन अक्षरांचा प्रश्न.

अडीच महिन्यांनी एका दुपारी बारक्याचा फोन आला.

"ये जरा शेडमध्ये. काच धरायला माणूस नाही."

ती दुकानातला एप्रन न काढताच निघाली. तो उंच स्टुलावर बसला होता, उजव्या पायात पुढे कापूस भरलेला बूट. शिडीचं काम त्याने सोडलं होतं, ते आता होणार नव्हतं. टेबलावर बसून फोटोच्या चौकटींच्या आणि आरशांच्या काचा कापायच्या, एवढं सुरू केलं होतं. टेबलावर एक रुंद काच आडवी होती.

"ते टोक धर. दाबू नकोस. नुसतं हलू देऊ नकोस."

तिने धरलं. त्याने पट्टी ठेवली, पण कटर उचलला नाही.

"तो लॅबवाला फोनवर काय म्हणाला होता, परत सांग. जसंच्या तसं."

ताईने सांगितलं. बाकी सगळ्यांना रेझिस्टंट आहे, फक्त एकाला सेन्सिटिव्ह आहे.

त्याने पट्टी थोडी सरकवली. "मला पण तेच वाटलं असतं," म्हणाला. "मीच सेन्सिटिव्ह, असंच." मग थोडं थांबून, "पण मी विचारलं असतं, ताई. मला इंग्रजी येत नाही ना."

ती मान खाली घालून काचेचं टोक धरून उभी राहिली. अडीच महिन्यांत त्याने तिला पहिल्यांदा ताई म्हटलं होतं, आणि ते असं.

"रडू नकोस, काच हलतेय."

"नाही हलत."

त्याने कटर टेकवला आणि एका दमात टोकापर्यंत ओढला. करकर आवाज झाला. मागच्या खोलीतून चिमणी दारात येऊन उभी राहिली, दोघांकडे बघितलं आणि आत गेली. थोड्या वेळाने आतून पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तो कुणासाठी होता, ते ताईला कळलं नाही. ती तशीच उभी राहिली.

"आता सोड," बारक्या म्हणाला. "दुसरी घे. तिथली, भिंतीकडची. दोन्ही हातांनी."